छप्पर बसवायचं की नाही

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांची तक्रार वाचली. जन्मभर वॉर्डातल्या पोरींना पळवलंस, आता गुडघे सूड उगवताहेत, दुसरं काय! आम्ही दोघं ठीक. हिच्या वाचनालयात नव्या पुस्तकांची खोकी आली आहेत. संध्याकाळी बाईसाहेब गाडीत बसल्या की गाडीला डिंकाचा वास येतो.

आज मुद्दाम लिहितोय ते गाडीसाठीच. गेल्या आठवड्यात हिला खाली गावात सोडून घाटाने परत येत होतो. ऊन होतं म्हणून कापडी हूड वर ओढलं होतं. वरच्या वळणावर एक दगड आला आणि हूड टराटरा फाडून शेजारच्या सीटवर येऊन बसला. ही बसते त्या सीटवर. मुठीपेक्षा बराच मोठा. डोंगराच्या पलीकडे दगडाची खाण पुन्हा सुरू झाली आहे, तिथल्या सुरुंगांनी आमचा उतार सैल झालाय म्हणतात.

मिस्त्री म्हणतो, हूड शिवत बसू नका, या गाडीला टणक छप्पर मिळतं, हार्डटॉप, ते बसवून टाका. मी म्हणतो, हूड लावलं होतं म्हणूनच घात झाला. गाडी उघडी असती तर दगड सुटल्याबरोबर मला ऐकू आला असता. काचेपलीकडे निवेदकाने पान उलटलं तर ते एक उलटलं की दोन, हे सांगणारा ध्वनिमुद्रक मी. मला दगड ऐकू येणार नाही? आणि उघड्या दोन सीटच्या गाडीवर छप्पर म्हणजे पोहणाऱ्याला रेनकोट! पण ही ऐकत नाही. ताईंना विचारा म्हणते. म्हणून विचारतो. तू माझ्याच बाजूने बोलशील अशी वेडी आशा आहे.

उत्तर पत्रानेच पाठव. इथली फोनची लाईन फार खरखरते.

तुझ्या रागासकट सगळा लोभ हवा असलेला,
तुझा धाकटा

९ मे

चि. कानसेनास,
अनेक आशीर्वाद.

वेडी आशा सोड. छप्पर बसव. आजच्या आज मिस्त्रीकडे जा.

अरे, अपघात विभागात मी फुटलेली डोकी किती पाहिली त्याची गणती नाही. त्यातल्या एकानेही मला सांगितलं नाही की दगड येताना ऐकू आला होता. दगड काय आधी घसा खाकरून येतो? तुला स्वतःचं डोकं फोडून घ्यायची हौस असेल तर ते तुझं आहे, पण शेजारच्या सीटवर माझी भावजय बसते. तो दगड सकाळी जातानाच आला असता तर?

आणि लाईन खरखरते हे काय नवीन? मी फोन केला की वहिनी स्पष्ट बोलते, तिला माझं स्पष्ट ऐकू येतं. तू मात्र बागेत असतोस, नाहीतर आंघोळीला. वर्ष होत आलं तुझा आवाज ऐकून. बहिणीशी बोलायचा एवढा कंटाळा?

छप्पर बसल्याचं कळव. तोवर मला झोप नाही. माया आहे म्हणून ओरडते, एवढं ध्यानात ठेव.

ताई

१५ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचनालयातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. यांना माहीत नाही.

तुमचं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. फोनचं वाचताना हसले आणि चष्मा पुसत बसले. वन्सं, लाईन चांगली आहे. यांना ऐकू येत नाही. डावा कान जवळजवळ गेलाच आहे, उजव्याने समोरचं बोलणं कळतं, पण लांबचं नाही. दारावरची घंटा वाजली की मी उठते आणि बघा बरं कोण आलंय असं त्यांच्यासमोर जाऊन म्हणते. घरी कुणी आलं की त्यांच्या उजव्या हाताला मी बसते आणि समोरच्याचा प्रश्न गप्पांच्या ओघात पुन्हा म्हणून दाखवते. त्यांना स्वतःला किती कळलंय, मला नक्की सांगता यायचं नाही. ज्या माणसाने कानांवर जन्म काढला, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगू?

पण आता जिवाशी गाठ आहे. खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा वाजतो, तेव्हा घाटातल्या गाड्यांनी थांबायचं असतं. परवा भोंगा वाजला आणि हे आपले शीळ घालत पुढे निघाले. मी ओरडले ते डाव्या कानाला, म्हणजे भिंतीला. शेवटी त्यांचा हात धरला आणि मळमळतंय म्हणून सांगितलं, तेव्हा गाडी थांबली. पुढच्या वळणावर धूळ उठली ती दोघांनी पाहिली. हे म्हणाले, बघ, थांबलो ते बरं झालं.

म्हणून मला छपराचं कळेनासं झालंय. गाडी उघडी असली की निदान मी ऐकते. वरून खडे घरंगळू लागले तरी मला कळतं. छप्पर बसलं की आम्ही दोघंही बहिरे. आणि उघडी ठेवावी तर डोक्यावर आकाश, दुसरं काहीच नाही. रस्ता एकच आहे. घराचीही मला धास्ती वाटते. मागचं फाटक आता लागत नाही, खांब कलले आहेत. हे म्हणतात लाकूड फुगलं असेल.

काय करू ते सांगा. पत्र वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवा.

तुमच्या आधाराची वाट पाहणारी,
भावजय

२० मे

चि. सौ. भावजयीस,
आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला. एवढं ओझं एकटीने वाहिलंस आणि मी मेली फोनला येत नाही म्हणून त्याला टोमणे मारत राहिले.

माझं सरळ मत. छप्पर बसवा. ऐकू आलं तरी दगडापेक्षा वेगाने पळता येत नाही, पण मध्ये काही टणक असलं तर माणूस वाचतो. दुसरं, त्याला सांग. तू त्याचा मान जपते आहेस, पण तो तुझा जीव धोक्यात घालतोय आणि त्याला पत्ताही नाही. तुझ्याच्याने होत नसेल तर मी सांगते. महिनाअखेरीस डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की तिकडे येते, समोर बसवून सांगते आणि कान तपासायला घेऊन जाते. तोवर मी तोंड उघडणार नाही, हा शब्द. फाटकाचं मात्र मला बिलकूल आवडलं नाही. गावात खोली बघायला लाग.

जपून. तू आहेस म्हणून तो आहे.

तुझी वन्सं

३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलीस! छप्पर बसलं. मिस्त्रीने आणि मी दोन्ही बाजूंनी उचलून ठेवलं, मागेपुढे पकडी आवळल्या, झालं. रंग गाडीच्या रंगाशी जुळत नाही. लांबून पाहिलं तर गाडीने दुसऱ्याची टोपी घातल्यासारखी दिसते. पण खरं सांगू? आत बसलं की छान वाटतं. स्टुडिओचं जाड दार लावून घेतल्यावर कसं वाटायचं, तसं. वारा नाही, घरघर नाही.

फक्त तुझी भावजय बिघडली आहे. छपरासाठी हिनेच तुझ्याकडे वकिली केली आणि आता काच खाली करून, डावा हात बाहेर काढून छपराची कड धरते आणि मान खिडकीबाहेर घालून बसते. पाऊस असला तरी! काल वाचनालयात पोचली तेव्हा अर्धं डोकं ओलं, अर्धं कोरडं. मी म्हटलं, अगं, मग छप्पर कशाला बसवलं? तर म्हणते आत कोंडल्यासारखं होतं. बायकांच्या मनाचा थांग कुणाला लागलाय! हल्ली बोलतेही कमी. गावात भाड्याची खोली घेऊ या म्हणून मागे लागली आहे. मी साफ नाही म्हटलं. मागच्या अंगणात भेग पडली आहे खरी, पण जमीन वाळली की भेगा पडायच्याच. झऱ्याचं पाणी मात्र चार दिवस गढूळ येतंय, ते कळत नाही. शेजारची मंडळी मुलाकडे राहायला गेली, त्यामुळे वर आता आम्ही दोघंच.

तुला बरं वाटावं अशी बातमी शेवटाला ठेवली आहे. खाणीचा भोंगा हल्ली वाजत नाही. पंधरवडाभर मी एकदाही ऐकला नाही. खाण बंद पडली असणार. म्हणजे छपराचा खर्च वायाच गेला म्हणायचा, पण तू निश्चिंत झोप.

गुडघ्यांना सांभाळ. डॉक्टर प्रवासाला सोडतील तेव्हा येते असं हिला फोनवर म्हणालीस, तर वाट पाहतो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा धाकटा

८ जून

चि. बाळा,

मायना लिहायला वेळ नाही. शब्द दिला होता तो मोडते आहे, वहिनीने मला क्षमा करावी.

खाण बंद पडलेली नाही. कालच वर्तमानपत्रात होतं, तिथलं काम दुप्पट वाढलंय. भोंगा रोज वाजतो. तुला तो ऐकू येत नाही. तुझा डावा कान गेला आहे, बाळा, आणि उजवाही थकला आहे. ती खिडकीबाहेर मान काढून बसते ती तुझ्यासाठी ऐकायला. कोंडल्यासारखं होतं म्हणून नाही.

परवापासून फोन लावते आहे, कुणी उचलत नाही. हे पत्र हातात पडेल तेव्हा तू घरी असशील तर दोघं पायी बाहेर पडा. अंगणातली भेग, गढूळ पाणी, कललेले खांब, हे लाकूड फुगल्याचं लक्षण नाही, डोंगर सरकतोय. गावात असाल तर परत वर चढू नका. कपडे, भांडी, गाडी, सगळं जाऊ दे. मी निघते आहे, गुडघे गेले खड्ड्यात.

ताई

१४ जून
जिल्हा रुग्णालय

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आगगाडी पावसाने वाटेत अडकल्याचा निरोप मिळाला. उद्या पोचशीलच, पण तू पोचण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून तुला आणायला स्टेशनवर जाणाऱ्या वॉर्डबॉयकडे देतो आहे. समोर बोलताना माझ्याच्याने सगळं सांगून होणार नाही, आणि तू काय विचारशील ते मला नीट कळणारही नाही. तुझं पत्र पोस्टमनने वाचनालयात दिलं, तिथल्या बाईंनी काल इथे आणून दिलं. तोवर होऊन गेलं होतं; फोनची तार तर त्याआधीच तुटली होती.

मंगळवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे खाली निघालो. बारीक पाऊस होता. डोंगर हिच्या बाजूला. वरच्या वळणाच्या अलीकडे हिने एकदम हँडब्रेक ओढला. गाडी आडवी फिरली. मी चिडलो, ताई. ही काय थट्टा आहे म्हणून ओरडलो. रुग्णालयात आणताना तिने सांगितलं की त्याआधी ती थांबा म्हणून पुन्हा पुन्हा ओरडत होती, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर. माझं ओरडणं संपायच्या आत समोरचा रस्ता गेला. झाडं उभीच्या उभी खाली सरकत गेली. मला वाटलं आवाज न करताच गेली. मग आमच्यावर दगड आले. एक मोठा छपरावर बसला, छप्पर माझ्या डोक्याला टेकेपर्यंत वाकलं, पण तुटलं नाही. दुसरा तिच्या दारावर. तिचा हात बाहेर होता.

छप्पर नसतं तर आम्ही दोघंही नसतो. आणि छप्पर होतं म्हणूनच तिचा हात बाहेर होता. दोन्ही खरं आहे. तू यातलं कुठलंही मनाला लावून घेऊ नकोस. दुपारी घरही गेलं, असं रस्त्यावरचे मजूर म्हणाले. बघायला गेलो नाही.

आता जे सांगायचं ते. तिला आत नेल्यावर एक डॉक्टर बाहेर आले. तोंडावर मास्क. माझ्याशी बरंच बोलले. माझा चष्मा गाडीत, ओठ झाकलेले, आणि शेजारी ती नव्हती. हल्ली मी जे करतो तेच केलं. चेहरा समजूतदार ठेवून मान हलवली. त्यांनी पुन्हा काही विचारलं, मी हो म्हटलं. कागद पुढे आला, सही केली. ती बाहेर आली तेव्हा डावा हात कोपरापासून नव्हता. मी त्याला हो म्हटलं होतं.

डॉक्टरांनी नंतर लिहून दाखवलं की दुसरा इलाज नव्हता. असेलही. पण मी विचारलं नाही, ताई. तिच्या हाताचा निर्णय मी न ऐकता दिला.

काल ती शुद्धीवर आली. डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलली. मान हलवायला निघालो होतो. थांबलो. तिला म्हटलं, मला ऐकू आलं नाही. किती दिवसांपासून येत नाहीये. पुन्हा सांग. ती रडली, आणि उजव्या हाताने मला पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूला यायची खूण केली. गेलो. उजवा कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, मला हात जाणवत नाहीये, काय झालंय ते मला खरं सांगा.

मी सांगितलं. सगळं, सहीसकट.

ती अजून माझ्याशी बोललेली नाही. तू लवकर ये.

तुझा धाकटा