चाळीसच्या वर नाही

४ डिसें. ०५, घाटंजी
वॅगन गाडी गॅरेजातून आली एकदाची. इंजिनचं बोअर झालं, पिस्टन-रिंगा नव्या. मिस्त्रीनं बजावलं, पहिले हजार किमी चाळीसच्या वर नेऊ नका, इंजिन बसू द्या. गल्लीभर सांगून झालं. शेजारच्या शांताकाकूलेही बॉनेट उघडून दाखवलं. सुनेचे दिवस भरत आले, काकू डिंक निवडत होती, तरी हो हो करत राह्यली. बायको म्हणे, गाडीशीच लगन लावाचं होतं.

१० डिसें. शनि.
यवतमाळ, नेट कॅफे. गाड्यांच्या फोरमवर पुण्याचा एक जण विदेशी रोटरी इंजिनले नावं ठेवून राह्यला. तेल पिते, सील जातात म्हणे. मी रोटरी आजवर डोळ्यानं पाह्यली नाही, पण ठणकावून लिहिलं: रोटरीले जपणारेच तिले मारतात, रोज एकदा काटा लाल रेघेपर्यंत ताणा, तवाच साफ राहते. अन् वॅगन घ्याची तं दमदार, घरचे सारे बसवून ओव्हरटेक करता आलं पाह्यजे. लय बरं वाटलं.

१४ डिसें. बुध.
सकाळीच काकू धावत आली. सून वंदनाले कळा, पाणी गेलेलं. अॅम्ब्युलन्स दुसरीकडे गेलती. मागची सीट पाडून गादी टाकली, बायको अन् काकू तिच्याजवळ. यवतमाळचा रस्ता रिकामा. एरवी या दिवसात कापसाच्या बैलबंड्याइनं भरून राहते, औंदा भाव नाही म्हणून कापूस घरातच. दाबता आली असती. नाही दाबली. वंदना कण्हे अन् मी काट्याकडे पाहो. चाळीस. एसटी आमच्या पुढं गेली. बायको म्हणे, "अहो, जरा..." नेऊनच राह्यलो ना, म्हटलं.
पोरगा झाला. लवकर रडला नाही. काचेच्या पेटीत ठेवला.

१५ डिसें.
डॉक्टरीणबाई काकूवर तापल्या, इतका उशीर काहून केला. काकू म्हणे, माझंच चुकलं बाई, कळा खोट्या समजून घरी बसली. मी बाजूलेच उभा. लाज वाटते. स्वतःचं तोंड पाहावत नाही. बायको बोलत नाही माझ्याशी.

१७ डिसें. शनि.
दवाखान्यात डबा देऊन सवयीनं कॅफेत गेलो. रोटरीच्या पोस्टखाली वाहवा. एकानं लिहिलं, तुमच्यासारखे खरे ड्रायव्हर कमी राह्यले. पुढचं वाचवलं नाही, उठलो.

२० डिसें.
निलेश आला, वंदनाचा नवरा. पुण्यात कंपनीची बस चालवते. आल्या आल्या मायवर तापला. ठरवलं, आता सांगतोच. त्यानं मलेच विचारलं, दादा, रस्त्यात उशीर झाला का. मी तोंड उघडलं तं काकूच बोलली, "त्याले काही म्हणू नको. त्याच्या गाडीचं इंजिन नवं, चाळीसच्या वर नेता येत नाही. तरी बिचारा आला." मनापासून बोलली.
निलेशनं माझ्याकडे पाह्यलं. ड्रायव्हर माणूस, त्याले काय सांगा लागते. चहाची बशी माझ्यापुढं सरकवली. मी प्यालो तो चहा. कसा प्यालो काय मालूम.

२४ डिसें.
पोराले सोमवारी दवाखान्यातून सुट्टी. डावा हात कमी हलवते. पुढं काय ते मोठा झाल्यावरच समजेल म्हणतात. गाडी धुतली, चादर टाकली, निलेशले म्हटलं, आणाले मी येतो. त्यानं भाड्याची जीप सांगतली म्हणे. काकू म्हणे, घरची गाडी असताना?
"राहू दे माय. त्यायच्या इंजिनले तरास कायले."
आवाज चढवला नाही त्यानं. घरी आलो, जेवलो नाही.

२६ डिसें. सोम.
जीप दुपारी आली. बायको ओवाळाले गेली. काकूनं मलेही हाक मारली, ये, पोरगा पाहून घे. गेलो. निलेश पोराले घेऊन दारातच उभा. मी चप्पल काढली. ये म्हटलं नाही त्यानं. जा बी म्हटलं नाही.