भामावहिनीच्या बिलाला जामीन

तासगाव,
१२ एप्रिल १९७६

प्रिय अर्जुना,

सातारा-पुणे रस्त्यावर खंडाळ्याच्या हॉटेलात तू चहाच्या भट्टीशी उभा असतोस, असं सिद्धू ट्रकवाल्यानं सांगितलं. त्याला बघून तू तोंड फिरवलंस म्हणे. फिरव बाबा. हे पत्र त्याच्याच हाती देतोय, ते तरी सरळ तोंडानं वाच. भांडायला बसलेलो नाही. भांडायचं त्राणच राहिलं नाही गड्या. तू गेलास तेव्हा रोज तुला शिव्या घालायचो, मग नुसत्या बाजारादिवशी, आणि आता दमलो.

तुझी रंगू आमच्याकडेच आहे, खुशाल आहे. “चार दिवस सांभाळा” म्हणून पोरीला माझ्या बायकोच्या, शालूच्या ओटीत टाकून गेलास, त्याला तीन वर्षं झाली. आता अठराची झाली. द्राक्षाच्या बागेत कामाला जाते आणि संध्याकाळी माझ्या सायकलच्या दुकानात येऊन मलाच दम भरते, जेवायची वेळ कळत नाही का म्हणून. कपाळाला आठी घालते ना, तेव्हा हुबेहूब भामावहिनी.

वहिनीच्या पोटातली गाठ काढली, पण वहिनी काही त्यातून उठली नाही. सांगलीच्या त्या दवाखान्यात, बाकी कोण भरणार म्हणून विचारलं तेव्हा तू भिंतीकडे बघत उभा होतास. जामिनाची सही झाल्याशिवाय तिचं प्रेत ताब्यात देत नव्हते. केली मी सही. दुष्काळाचं साल, तुझ्याजवळ खडी फोडल्याचा रोजगार, त्यात दवाखाना कसा भागणार? पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा करीन. पण तेरावं होताच तू न सांगता निघून गेलास, तिथं माझं डोकं फिरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

महिन्याभरातच दवाखान्याचा वसुलीचा माणूस आला. दादासो त्याचं नाव. स्वच्छ टोपी, इस्त्रीचं धोतर, काखेत बॅग. मी दुकानात पंक्चर काढत होतो. घरी शालूला वाटलं, रंगूला बघायला पाहुणे आलेत. झालं! गूळ-पाणी दिलं, पाट मांडला, आपलं नवं लुगडं रंगूला नेसवून तिला वाढायला लावलं. माणूस सकाळपासून एसटीत उपाशी, मुकाट्यानं जेवला. हात धुऊन त्यानं बॅगेतून बिल काढलं आणि शालूच्या तोंडचं पाणी पळालं. पण ज्या घरचं मीठ खाल्लं त्याच घरच्या दारात चारचौघांत ओरडणार कसा? दुसऱ्यांच्या दारात तो केवढा आवाज चढवतो ते मी ऐकलंय. आमच्याकडे खाली मान घालून म्हणाला, जमेल तसं द्या, पण द्या. तेव्हापासून महिन्याला येतो, जेवतो आणि हप्ता नेतो. भाड्यानं द्यायच्या सायकली एकेक करून गेल्या. शालूच्या सोन्याच्या पुतळ्या गेल्या. ती बोलत नाही, पण तो येतो त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापते. अजून फिटलेलं नाही. तुला टोचावं म्हणूनच लिहितोय, खोटं कशाला बोलू?

आता मूळ गोष्ट. या दादासोनंच रंगूला स्थळ आणलं. त्याच्या बहिणीचा मुलगा, फलटणला साखर कारखान्यात फिटर आहे. निर्व्यसनी पोरगा, रंगूलाही आवडला. हुंडा नको म्हणाले. परवा बैठक झाली. सुपारी फुटणार, एवढ्यात मुलाच्या चुलत्यानं विचारलं, मुलीचा बाप कुठाय? दादासोला ठाऊक होतं, पण तो आपली टोपी नीट करत बसला. तुझ्या भावकीतल्या एका शहाण्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, बाप वारला म्हणून सांग नि मोकळा हो. कन्यादानाला जोडपंच लागतं, तुम्ही नवरा-बायको बसा. दाराआडून रंगूनं ऐकलं. बाहेर आली, चहाचं ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “माझा बा जित्ता हाय. त्याला मारून मी हळद लावून घेनार न्हाई.”

मला रडू आवरलं नाही रं. मग मीच सगळं खरं सांगून टाकलं, बिलासकट. चुलत्यानं रंगूकडे एकदा नीट बघितलं. म्हणाला, पोरगी खरी आहे, आम्हाला पसंत आहे; पण बाप मांडवात दिसला पाहिजे. सुपारी तशीच राहिली आणि पाहुणे उठले. दादासोनं जाताना तुझ्यासाठी निरोप दिलाय: “त्याला म्हनावं, मांडवात मी वसुलीला येत न्हाई, नवऱ्याचा मामा म्हनून येतोय.” कन्यादानाच्या पाटावर मी नि शालू बसू. तू नुसता उभा राहा. लोक काय म्हणतील ते मी बघतो, आजवर बघतोच आहे. सिद्धू पुण्याला माल टाकून परवा परत फिरेल आणि तुझ्या हॉटेलापाशी गाडी थांबवेल. पत्राला उत्तर लिहू नकोस. गाडीत बसून ये.

तुझाच,
नाथाजी