काकडी करपली, भुरी मजेत

आदरणीय साडूभाऊ यांस,

नमस्कार. (वयाने मोठे आहात म्हणून. एरवी आज हात जोडले जात नव्हते.) तुमची कंबर आणि ताईंचा खोकला बरा असेल. आमची विचारपूस करू नका, आम्हाला लवंगेचा वास येतो. कुरियरवाला काल दारात गाल धरून विचारत होता, दाताचे डॉक्टर कधी बसतात.

आमच्या पॉलिहाऊसमधल्या काकडीवर भुरी आली. पानांवर पीठ सांडल्यासारखी ती बुरशी पसरत होती आणि हंगामाची सगळी भिस्त याच आठ ओळींवर. अशा वेळी तुम्ही जेवता जेवता लवंगेच्या तेलाचं गुणगान करून तुमच्या कारखान्यातली बाटली माझ्या हातात ठेवलीत. निम्मं तेल तुमच्या मेहुणीने ओतून घेतलं, कारण चार ओळी माझ्या, चार तिच्या. (एकत्र फवारणी करून पाहिली होती. संसार टिकावा म्हणून वाटणी केली.) मी भर दुपारी पंप पाठीला लावला. तुमचं तेल पाण्यावर आरामात तरंगत राहिलं आणि पंप ओढतो तळातून! पहिल्या तीन ओळींना नुसती आंघोळ, चौथीला निव्वळ तेल. चौथी संध्याकाळपर्यंत करपून काळी. भुरी बाकीच्या तिन्हींवर मजेत आहे.

तुम्ही म्हणाल, मी सांगितलं होतं: तेल आधी साबणाच्या पाण्यात घोटा, ऊन उतरल्यावर मारा, पहिल्यांदा दोनच पानांवर करून पाहा. सांगितलं होतंत. पण जेवताना तुम्ही काय सांगत नाही? त्याच घासाला जावयाच्या गाडीचं मायलेज सांगितलंत, कमरेचा पट्टा बांधून दाखवलात. त्यातलं कामाचं कोणतं, हे माणसाने ओळखायचं कसं? माझा नुसता संताप होतोय. त्यात तुमच्या मेहुणीने तेच तेल साबणात घोटून संध्याकाळी मारलं आणि तिच्याकडे भुरी जागच्या जागी थांबली. ती एक शब्द बोलत नाही. माझ्या चौथ्या ओळीपाशी उभी राहते आणि निघून जाते. बोलली असती तर परवडलं असतं.

यापुढे तुमचं तेल आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

आपला (नाइलाजाने) धाकटा साडू

ता. क. एक बाटली ताबडतोब पाठवा. तीन ओळी अजून वाचतील. पार्सल माझ्या नावाने करा, आत काय आहे ते बाहेरून कळू देऊ नका. तिच्याकडे थोडं उरलंय, पण मागू कोणत्या तोंडाने?

ता. क. भावोजी, हे मी लिहितेय. पत्र टाकायला माझ्याकडेच दिलंय. बाटली पाठवू नका, त्यांच्या तीन ओळी मी काल संध्याकाळी फवारल्या. त्यांना पत्ता नाही. (वास काय, सगळीकडेच आहे.) भुरी थांबली की म्हणतील, दुपारचीच फवारणी उशिरा लागू पडली. म्हणू द्या. तुम्ही फक्त एवढंच लिहा की साबणाचं सांगायला तुम्हीच विसरलात. त्या दिवसापासून ते नीट जेवलेले नाहीत.