पहिली वेलांटी

३ जून, सोमवार

चावी हातात आली.

वर्तमानपत्र बंद पडल्यापासून घरात सगळ्यांच्या पायात येत होतो. हिचा भाऊ इथल्या ग्रंथालयाचा चिटणीस. म्हणाला, "भावजी, तुमचं आयुष्य छापील मजकुरात गेलं. ग्रंथपाल तुम्हीच!" मुद्रितशोधक होतो, एवढं खरं. पण मुद्रितशोधकाला मजकूर दिसत नाही. वेलांटी दिसते.

तळमजल्याची खोली. खिडकीला गज. गजांपुढे हातभर अंतरावर भिंत.

५ जून

शिपाई जेवायला जाताना शटर ओढतो आणि बाहेरून कुलूप घालतो. कुत्री शिरतात म्हणे.

"अरे, आत मी आहे!"

"म्हणूनच तर निर्धास्त जातो, साहेब."

१२ जून

निवृत्त नर्सबाई आल्या. टेबलावर पिशवी आपटली. "काहीतरी चांगलं द्या. रडकं नको, उपदेशाचं तर मुळीच नको."

काय देऊ? जन्मभर वाचत आलो — आठवत काहीच नाही! निर्दोष छपाईची एक कादंबरी दिली.

१५ जून

परत आणली. "शुद्धलेखन झकास आहे हो. गोष्ट कुठे ठेवलीय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ जून

हात शिवशिवतात. शटरच्या आत दुसरं करणार काय? पेन्सिल घेतली आणि एक कथासंग्रह संपवला. म्हणजे तपासला. पानोपानी चुका! समासात खुणा करत गेलो. बरं वाटलं.

मग वाटलं, कैदीही भिंतीवर रेघा ओढतोच की.

२४ जून

छापखान्यातल्या जुन्या फोरमनचा फोन. दुसऱ्या गावी नवं साप्ताहिक काढताहेत. "ये रे बाबा! इथे एकेक पदवीधर बसलाय, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या नावाने बोंब. पुढच्या सोमवारी दुपारपर्यंत सांग. नाहीतर मी दुसरा बघतो."

सुटलो!

ही म्हणाली, "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी?" पुढचं भांडी बोलली.

२७ जून

मेहुण्याने पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. संस्थेची पुस्तकं मी बिघडवलेली. वाटलं, आता हाकलतोय. आयतंच होईल, घरी तोंड द्यायला नको.

पण हा गडी खूश! "भावजी, एवढी तळमळ! तुम्हाला कायमच करून टाकतो."

कायम. कागदावर लिहून पाहिला. शब्दात एकही चूक नाही.

२९ जून, शनिवार

राजीनामा खिशात. सोमवारी फोरमनला होकार द्यायचा, मग हा कागद मेहुण्याच्या हातात.

नर्सबाई आल्या. नेमका तोच कथासंग्रह नेला होता. पान उघडून नाकासमोर धरलं.

'त्याच्या नेत्रांचे मीलन झाले. ती उठून खिडकीशी गेली.'

'मी' खोडून मी समासात 'मि' केला होता. दुसरी वेलांटी काढून पहिली.

"अहो, माणूस मेला तिथे! तुम्ही मिलन कसलं घडवताय त्याचं?"

मिलन म्हणजे भेट. मीलन म्हणजे मिटणं. दोन्ही शब्द मला ठाऊक. वाक्य वाचलं नव्हतं.

बाई पोट धरून हसल्या. मग हसू ओसरलं. "मी पुष्कळांचे डोळे मिटलेत. नंतर खिडकीशीच जावंसं वाटतं. का, ते सांगता येत नाही. याने बरोबर लिहिलंय."

मी आमच्या खिडकीकडे पाहिलं. भिंत.

त्या गेल्यावर खोडरबर शोधला. 'मी' परत आणला. कागद किंचित फाटला.

१ जुलै, सोमवार

शटर खाली. ती खिडकीशी का गेली? म्हणून गोष्ट पहिल्या ओळीपासून धरली. हातात पेन्सिल नव्हती. फोन दोनदा वाजला. फोरमनच असणार.

खडखडाट. शटर वर.

"या साहेब, बाहेर या. जरा हवा खा."

थांब, म्हटलं. पान संपू दे.