उसवून आणलेली शिवण

९ सप्टेंबर, बुधवार

चि. ठकूस,

ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे. कानाने कमी ऐकू येतं म्हणते आणि नको ते बरोबर ऐकते. आमचे हे निवृत्त झाल्यापासून मला डबे कसे लावायचे ते शिकवतात. तुझं ऑफिस कसं चाललंय? मागच्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. चार वर्षांत सवय व्हायला हवी होती, पण होत नाही.

‘पत्रास कारण की’ एवढं लिहून मघापासून नुसती बसले आहे. आधी बातमी सांगते.

आपल्या आरोग्य केंद्रात मनाच्या दुखण्यांसाठी दर बुधवारी एक नर्सबाई बसायच्या, महिन्यातून एकदा डॉक्टर. खोली बसथांब्यासमोर, दारावर हातभर अक्षरांची पाटी. दोन महिन्यांत एकच माणूस आला, तोही चष्म्याचा नंबर काढायला. वरून निरोप आला, कोणी येत नसेल तर बंद करा. तेव्हा औषधांच्या दुकानदाराने आम्हा चौघांना बोलावलं. वाचनालयातल्या बाई, शाळेतले एक सर, निवृत्त पोस्टमन आणि मी.

दुकानदार म्हणाले, “झोपेच्या गोळ्या मागायला माझ्याकडे रोज चारजण येतात. माणसं आहेत हो, पण त्यांना त्या पाटीखालून जायचं नाहीये.”

“मग जिथे जाताना कोणी ‘का’ म्हणून विचारत नाही, अशी जागा बघा,” पोस्टमन म्हणाले. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

तेव्हापासून बुधवारी नर्सबाई माझ्या शिवणकामाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसतात. लोक पिशवीत एखादा कपडा घेऊन येतात आणि सरळ आत जातात. मी पुढे मशीन चालवत राहते, म्हणजे आतलं बोलणं बाहेर जात नाही. काम नसलं तर चिंधीवर चालवते. हल्ली चौदाजण नेमाने येतात. बंद करायची गोष्ट आता कोणी काढत नाही.

ठकू, मला सांगायचंय ते हे नाही.

येणाऱ्यांपैकी काहीजण निमित्त म्हणून घरूनच शिवण उसवून आणतात. मला लगेच कळतं. ताणाने उसवलं तर दोरा पिंजतो, कापड ओढलं जातं. ब्लेडने उसवलं की टाके एकसारखे कापलेले दिसतात. गेल्या महिन्यात एका बाईंनी कुर्ता पुढे केला, काखेखाली वीतभर उसवलेला. मी टाके बघितले आणि मला तू आठवलीस.

तुझे कपडे असेच यायचे. चार महिन्यांत सहा वेळा. मी म्हणायचे, “माझी शिवण अशी उसवत नाही हं, तू काय कुस्ती खेळतेस?” तू हसायचीस, स्टुलावर बसायचीस, आणि मी दहा मिनिटांत शिवून तुझ्या हातात द्यायचे. मोठी कामाची ना मी!

शेवटचा तो जांभळा कुर्ता. तू म्हणालीस, “ताई, मशीन जरा थांबव ना.” मी म्हटलं, “हात कामात आहेत, कान मोकळेच आहेत. बोल.” तू बोलली नाहीस. कुर्ता ठेवून गेलीस. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून तुझ्या नवऱ्याचा फोन आला, की तुला जीव नकोसा झाला होता, पण वेळेत लक्षात आलं म्हणून वाचलीस.

आणि मी लोकांना काय सांगितलं? कावीळ. भाजीवालीला कावीळ, शेजारणीला कावीळ. त्यांनी पथ्यं सांगितली, तीही मान डोलावून ऐकली. तू घरी आलीस त्या दिवशी शेजारीण तुलाच विचारत होती, डोळे अजून पिवळे आहेत का. तू माझ्याकडे नुसतं बघितलंस. महिन्याभरात तुम्ही दोघं दूर निघून गेलात. तुला त्रास नको म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. मला तुझी लाज वाटली होती.

या महिन्याच्या शेवटी शेजारच्या गावातली माणसं येणार आहेत, त्यांनाही असं काही सुरू करायचंय. नर्सबाई म्हणाल्या, “खोली का दिलीत ते तुम्हीच सांगा.” आजवर मी ‘रिकामीच होती’ म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर कावीळ खोडावी लागेल, आणि दुखणं तुझं आहे. तुझ्या होकाराशिवाय मी तोंड उघडणार नाही. तू नाही म्हणालीस, तर खोली रिकामीच होती.

काल गाठोड्यातून जांभळा कुर्ता काढला. टाके बघितले. एकसारखे कापलेले आहेत.

तो शिवलेला नाही, आणि शिवून पाठवणारही नाही. घ्यायला ये. कुठल्याही वारी ये, दुकानात कितीही गर्दी असू दे, तू दारात दिसलीस की मशीन थांबेल. तू काही बोलली नाहीस, तरी थांबलेलंच राहील.

तुझी चुकलेली,
ताई