मंगलच्या हातचं

१४ नोव्हेंबर
दुसरी बॅग उघडत होते तेवढ्यात गेलेली वीज आली आणि सासूबाई पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे त्यांनी देवापुढे ठेवले, एक माझ्या तोंडात घातला. विट्याजवळचं हे गाव मला आवडलं. हवा कोरडी, बंगले दुमजली, बहुतेकांना कुलूप. माणसं देशभर पांगलेली, सोनं गाळायच्या दुकानांवर. कुलपांच्या किल्ल्या शेजारच्या हरणाबाईकडे असतात. ती म्हणाली, "बंगलं लय झाल्याती पोरी, माणसं न्हाईत."

जयराज उद्या सेलमला दुकानावर परत जाईल. त्याची पहिली बायको मंगल साप चावून गेली, हे त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. सरळ माणूस वाटला.

१९ नोव्हेंबर
जयराजने मला मंगलचा जुना हेडसेट ठेवला आहे. तो डोळ्यांवर चढवला की गाव भरतं. गावातल्याच शिकलेल्या पोरांनी हे गाव जसंच्या तसं बनवलंय; सगळे त्याला 'वरचं गाव' म्हणतात. कोची, लुधियाना, चेन्नई, कुठून कुठून पुरुष संध्याकाळी तिथे येतात, पारावर बसून एकमेकांना शिव्या घालतात. आज एकजण ओरडला, "काय रं जयराज, नवी मालकीण आणलीस, पंगत कवा?" मी लाजले, पण ते इथे, पलंगावर बसून.

तिथे मी नवऱ्याशेजारून चालते. इथे त्याच्या शर्टांच्या घड्या घालते. कुठलं खरं म्हणायचं, हे अजून ठरत नाही.

वरच्या घरात चुलीपाशी एक बाई पाठमोरी होती. डोक्यावर नाव तरंगत होतं: मंगल. जयराज म्हणाला, बाहुली आहे नुसती, काढून टाकायची राहिली.

२३ नोव्हेंबर
नावापुढे हिरवा दिवा असला तर त्या बाहुलीच्या आत कोणीतरी असतं. मंगलच्या नावापुढे तो आहे. तिचा हेडसेट तर मीच वापरते.

आज तिने जयराजपुढे ताट ठेवलं. भाताचा एकच गोळा. तो खाऊ लागला. "मंगलच्या हातचं," म्हणून हसला. वरच्या गावात खाता येत नाही. मी पारावरच्या हॉटेलात वडा उचलून पाहिला होता. बोटं आरपार जातात.

२६ नोव्हेंबर
हरणाबाईला विचारलं. ती बोलू लागली ती थांबेना.

साप चावला तेव्हा घरचे पलूसला लग्नाला गेलेले. चारी बाजूंना कुलपं. मंगलने जयराजला फोन लावला. तो वरच्या गावात बैलगाडा शर्यतीत होता. फोन कापत राहिला. हरणाबाई दूध घेऊन आली तेव्हा मंगल उंबऱ्यात, फोन कानाशी तसाच.

दहाव्याला सासऱ्यांनी, तात्याबांनी, येरळा नदीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. मेलेल्याची इच्छा अडली असेल तर जवळच्याने ती पुरी करायचा शब्द द्यायचा, म्हणजे शिवतो. पण नवरा आलाच नव्हता. दुकानात सराफांची गर्दी होती. त्याने वरच्या गावातच पिंड ठेवला. तिथला कावळा लगेच शिवला. तसाच बनवलेला आहे तो. जयराजने ते फोनवर दाखवलं, म्हणाला झालं काम, उठा आता. सगळे उठले.

"आन् हितलं कावळं झाडावरच बसून हुतं गं. येकबी उतरला न्हाई."

३० नोव्हेंबर
दुकानातल्या गुंडा नावाच्या जुन्या कारागिराचा फोन. "वैनी, शेठ जेवत न्हाईत. जेवलोय म्हणत्यात. डबा तसाच माघारी. बरगड्या मोजाव्यात असं झाल्यात."

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काहीतरीच. रोज बघतात त्या पोराला वर. चांगलं अंग धरलंय.

खरंच धरलंय. वर त्याचे गाल सुटलेत, पोट मांडीवर आलंय.

जयराजला फोन केला. कापला. पुन्हा केला. कापला. हेडसेट घातला तर तो पाटावर, ती पाठमोरी वाढते आहे. मी ओरडले, काढा तो डोळ्यांवरचा, उठा. तो तोंडातला घास न गिळता म्हणाला, "जेवतोय न्हवं का. प्रिया, तूबी मंगलवानी फोन फोन करू नगंस."

मी हेडसेट काढला. तो पलंगावर आपटला. भीतीने नव्हे फक्त.

३ डिसेंबर
गुंडा सांगतो, शेठनी आतून कडी लावली आहे. दार फोडू का, विचारतो. मालकाचं दार — घरच्यांनी सांगितल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतो. तात्याबा वर जाऊन पोराला बघून आले. म्हणाले, हसतोय की.

तेव्हा आता मीच सांगेन. आधी एकदा वर जाऊन —

४ डिसेंबर
ती वळली.

ओठ निळे. तोंडाशी फेस. बघत होती माझ्याकडे, पण राग माझ्यावर नव्हता. मी विचारलं, बाई, इच्छा काय आहे तुझी? तिने माझ्या हाताकडे बघितलं. या हाताकडे, पलंगावरच्या. त्यात फोन होता. वाजत होता. गुंडा, दार फोडू का विचारायला.

मान हलवली तिने. नको.

जयराज म्हणत होता, आता बास. ती वाढत होती.

मी शब्द दिला. फोन कापला. पुन्हा वाजला — पुन्हा —

५ डिसेंबर, सकाळ
गुंडाने शेवटी स्वतःच दार फोडलं. जयराज खुर्चीतच गेला होता. तात्याबा गाडी करून सेलमला निघाले. सासूबाईंना हरणाबाईने धरून बसवलंय.

हेडसेट पलंगावर आहे. त्यातून त्याचा आवाज येतोय. मंगल, पोट फुटतंय गं, पाया पडतो. मग भात वाढल्याचा आवाज. मग प्रिया, प्रिया, अशी हाक.

मी आवाज थोडा वाढवला आणि त्याच्या शर्टांच्या घड्या घालायला बसले.