साखरेच्या डब्याची किल्ली

लंबासा, १२ ऑक्टोबर २०१७

ती. दिदीस,
सुखदेईचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील. पण फोन उचलला की सासूबाई शेजारी डाळ निवडायला बसतात, म्हणून लिहिते.

माझी साखर पुन्हा चढली. आठ महिने बिनसाखरेचा चहा, मोजून दोन रोट्या, कसाव्याच्या कंदाला हात नाही. तरी दवाखान्यातली नर्स चष्म्यावरून बघत विचारते, चोरून काय खातेस. सासूबाईंनी साखरेच्या डब्याला कुलूप घातलंय. आणि हे तर ऊसतोडीच्या टोळीचे सरदार. सगळ्या टोळीसमोर म्हणाले, आमच्याकडे मांजर नाही तरी दूध संपतं. टोळी पोट धरून हसली.

आता सुई घ्यावी लागेल म्हणे. सुईला मी भीत नाही, दिदी. बारा वर्षं ज्या घरात राबले तिथेच चोर ठरले, त्याने थकले.

बाकी सीझन जोरात. जळका ऊस तोडायला सोपा, म्हणून रोज कुठलं तरी शेत पेटवतात. वाळत घातलेले कपडे काजळीमुळे पुन्हा धुवावे लागतात. खोकला आहेच.

लोभात उणं करू नकोस.
तुझी सुखदेई


सुवा, २४ ऑक्टोबर २०१७

चि. सुखदेईस,
अ. आ.

खरं सांगते, आधी मलाही वाटलं की तू खातेसच. फ्रॉकच्या खिशात गुलगुले लपवणारी तू, मी विसरले नाही. त्याची माफी माग म्हणालीस तर मागते.

मी ज्यांच्या दवाखान्यात झाडलोट करते त्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खाणं, वजन, घराण्याचा वारसा हे तर आहेच. आपली आई साखरेनेच गेली. पण वर्षानुवर्षं धूर छातीत गेला तर साखर आवरणं आणखी जड जातं, असं अभ्यासात दिसतंय. तुझ्या बाबतीत छातीठोक सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. तुझी दवाखान्याची वही काढ आणि सीझनमधले आकडे साखरेची गिरणी बंद असतानाच्या आकड्यांशेजारी ठेव. सुई मात्र मुकाट्याने घे.

तुझ्यावर आता विश्वास ठेवणारी,
धनमती


लंबासा, १९ नोव्हेंबर २०१७

ती. दिदीस,
सा. न. वि. वि.

वही पाहिली, दोन वर्षांची नोंद आहे. दोन्ही वर्षं गिरणी थांबली की आकडा उतरतो, जूनमध्ये धुराडं पेटलं की चढतो. यांना दाखवली तर म्हणाले, धूर काय गोड लागतो? मला खोटं पाडायला माझ्याबरोबर दवाखान्यात आले. नर्सने बसल्या बसल्या सरदारांचंही बोट टोचलं.

यांची साखर माझ्याहून वर निघाली. गोडाला जन्मात न शिवलेला माणूस, पण तीस वर्षं आगीच्या सगळ्यात जवळ उभा. नर्स म्हणाली, कारण एकच नसतं, पण धूरही असेल. घरी येताना बसमध्ये हे हळूच म्हणाले, "मी कुठल्या डब्यातून चोरली गं?"

सासूबाईंनी किल्ली पुढे केली. मी घेतली नाही.

टोळी न जाळलेला हिरवा ऊस तोडायला तयार नाही. यांनी दोनदा सांगून पाहिलं, कुणी ऐकलं नाही. आज ओढ्यापलीकडचं शेत पेटवायचंय आणि काडी सरदारानेच लावायची असते. निघण्याआधी यांनी दोरीवरचे सगळे कपडे काढून आत आणले, माझ्या साड्यासुद्धा. बारा वर्षांत पहिल्यांदा. खिडक्या लावल्या, मला बाहेर येऊ नकोस म्हणाले. मग तोंडाला साधा रुमालही न बांधता गेले.

लोभ असू दे, आणि त्यातला थोडा यांच्यासाठीही ठेव.
तुझी सुखदेई